उंट, लामा आणि उष्णतेचा जमाखर्च

हीट ट्रान्सफर शिकताना आपली उदाहरणे बहुधा बॉयलर, रेडिएटर आणि वाफेच्या नळीभोवतीच्या ग्लासवूलपाशी थांबतात. या टिपणात तीच सूत्रे आपण एका प्राणिकुलाला लावून पाहणार आहोत. हे कुल उंटाचे. थरच्या वाळवंटातला एका वशिंडाचा उंट, लडाखमधल्या नुब्रा खोऱ्यातला दोन वशिंडांचा उंट आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले लामा, अल्पाका, विकुन्या व ग्वानाको हे सगळे त्याचे सदस्य. यांतला एक नातेवाईक पंचेचाळीस अंशांत चालतो आणि दुसरा रात्री शून्याच्या बऱ्याच खाली गोठणाऱ्या पठारावर बसून रवंथ करतो. दोघेही आपल्यासारखेच उष्णरक्ताचे सस्तन प्राणी आहेत. मग एकाच घराण्याला ही दोन टोके कशी जमली?

या टिपणाचा मुख्य मुद्दा असा: शरीराचे तापमान राखणे म्हणजे ते एका आकड्यावर खिळवून ठेवणे नव्हे. तो उष्णतेचा रोजचा जमाखर्च आहे. ही मंडळी तो चार मार्गांनी सांभाळतात: उष्णता साठवून, लोकरीने अडवून, शरीराच्या ठरावीक भागांतून सोडून आणि पाण्याची काटकसर करून. यांतला कोणता मार्ग कुठे चालतो आणि कुठे फसतो हे कळले, की “उंटाला कसलीही गरमी चालते” हा समज किती अपुरा आहे आणि तो प्राण्याला किती महागात पडू शकतो, तेही कळेल.

१. घराण्याची ओळख आणि पंचकुलाशी नाते

हे टिपण मी पंचकुला येथून लिहितो आहे. शहराच्या उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात आणि जिल्ह्यातच पिंजोर आहे. या गावाचे नाव भूगर्भशास्त्रात ‘पिंजोर शैलसमूह’ म्हणून कायमचे नोंदले गेले आहे. सुमारे सव्वीस लाख वर्षांपूर्वीपासून साचत गेलेल्या या थरांत हत्ती, घोडे, गाईबैल यांच्या पूर्वजांबरोबर उंटाचेही जीवाश्म मिळतात. शिवालिकमधल्या या उंटाला ‘कॅमेलस सिवालेन्सिस’ हे नाव १८३६ साली ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी दिले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी कॉटली हे नाव लक्षात ठेवावे. पुढे गंगेचा कालवा बांधणारे अभियंते ते हेच. तो कालवा १८५४ साली खुला झाला.

म्हणजे उंट इथला जुना रहिवासी आहे. पण त्याचे मूळ गाव भारतही नाही आणि अरबस्तानही नाही. हे कुल चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उगम पावले. तिथून एक शाखा बेरिंगच्या भूपुलावरून आशियात आली, तिचे वंशज आजचे उंट. दुसरी शाखा पनामाच्या बाजूने दक्षिणेला उतरली, तिचे वंशज लामा व त्याची भावंडे. उत्तर अमेरिकेतले मूळ घराणे मात्र नामशेष झाले. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर सुमारे पस्तीस लाख वर्षांपूर्वीच्या एका अवाढव्य उंटाच्या पायाच्या हाडाचे तुकडे सापडल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तिथे लांब, अंधारा, बर्फाळ हिवाळा असे. यावरून संशोधकांनी मांडलेला विचार असा, की वाळवंटात उपयोगी पडणारी उंटाची काही वैशिष्ट्ये, उदाहरणार्थ वशिंडातला चरबीचा साठा आणि रुंद पाऊल, कदाचित थंडीतच कामाला आली असतील. पूर्वज एक आणि हवामाने अनेक, हे नाते पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवा.

२. जमाखर्चाचे समीकरण

कोणत्याही प्राण्याच्या शरीरासाठी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम असा लिहिता येतो:

साठलेली उष्णता = चयापचयाची उष्णता ± प्रारण ± अभिसरण ± वहन − बाष्पीभवन

चयापचयाची उष्णता नेहमी जमेच्या बाजूला असते. प्राणी नुसता बसून असला तरी अन्नाच्या ज्वलनातून ती निर्माण होत राहते. प्रारण, अभिसरण आणि वहन या तिघांची दिशा तापमानातील फरकावर ठरते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर उष्णता बाहेर जाते, हवा जास्त गरम असेल तर आत येते. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला की हे तिन्ही मार्ग उलटे वाहू लागतात. मग खर्चाच्या बाजूला एकच पद उरते, ते बाष्पीभवन. आणि त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो.

डाव्या बाजूचे ‘साठलेली उष्णता’ हे पद आपण मनुष्यप्राणी जवळजवळ शून्य धरतो. आपले तापमान दोन अंशांनी वाढले की आपण त्याला ताप म्हणतो आणि अंथरूण धरतो. उंट नेमके हेच पद वापरतो.

३. उंटाची पहिली युक्ती: तापमानाला हलू देणे

क्नुट श्मिट-निल्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अल्जीरियातील सहारा वाळवंटात उंटांवर मोजमापे केली. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचे तापमान दिवसभरात सुमारे दोन अंशांनीच हलत होते. पाणी तोडलेल्या उंटाचे मात्र पहाटे चौतीस अंशांच्या आसपास उतरे आणि दुपारी चाळीस अंशांच्या पुढे चढे. म्हणजे सुमारे सहा अंशांचा झोका. आजारी पडून आलेला हा ताप नव्हता. निरोगी जनावराची पाणी वाचवण्याची ही पद्धत होती.

याचा हिशेब करून पाहू.

उदाहरण १. उंटाचे वस्तुमान ५०० किलोग्रॅम, शरीराचा सरासरी विशिष्ट उष्मा ३.५ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश आणि तापमानातील वाढ ६ अंश धरा.

साठलेली उष्णता = ५०० × ३.५ × ६ = १०,५०० किलोज्यूल

हीच उष्णता घामाने घालवायची असती तर लागणारे पाणी = १०,५०० ÷ २,४०० = सुमारे ४.४ लिटर.

वाळवंटात रोज साडेचार लिटर पाणी वाचणे ही फार मोठी बचत आहे. साठवलेली उष्णता रात्री परत द्यावी लागते. पण तेव्हा हवा गार असते, आकाश निरभ्र असते आणि प्रारण व अभिसरणाने ती फुकट निघून जाते. दिवसाचे कर्ज रात्री बिनव्याजी फिटते.

दुसरा फायदा याहून सूक्ष्म आहे. हवा ४३ अंश आणि शरीर ३७ अंश असेल तर तापमानातील फरक ६ अंश. शरीर ४०.५ वर गेले की फरक उरतो २.५ अंश. अभिसरणाने आत येणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असल्यामुळे ती निम्म्याहून कमी होते. म्हणजे उंट गरम झाल्यामुळेच कमी गरम होतो.

हे शेळीला का जमत नाही? उष्णता पृष्ठभागावरून आत येते आणि वस्तुमानात साठते. पन्नास किलोची शेळी आणि पाचशे किलोचा उंट आकाराने सारखे आहेत असे मानले, तर वस्तुमान दहापट होताना पृष्ठभाग सुमारे ४.६ पटच होतो. उंटात निव्वळ ३०० वॅट उष्णता शिरत असेल तर सहा अंश चढायला साधारण पावणेदहा तास लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. शेळी तितकीच साडेचार तासांत चढेल आणि दुपारच्या ऐन भरात तिची साठवण संपलेली असेल. (३०० वॅट हा आकडा हिशेबासाठी गृहीत धरला आहे.) मोठी पाण्याची टाकी उशिरा तापते, त्याचेच हे रूप.

४. दुसरी युक्ती: लोकर, वशिंड आणि बसण्याची ढब

“एवढ्या उन्हात अंगावर लोकर कशाला?” हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. उत्तर एका वाक्यात असे: लोकर स्वतः ना गरम असते ना गार, ती फक्त उष्णतेचा प्रवाह मंद करते. प्रवाह आत येणारा असेल तर लोकर तो आत येताना अडवते.

कडक उन्हात उंटाच्या पाठीवरील केसांचे टोक सत्तर अंशांच्या आसपास तापू शकते, तर त्याखालची त्वचा चाळीसच्या जवळपास राहते. हा मोठा फरक काही सेंटीमीटर केसांत अडकलेली स्थिर हवा पेलते. श्मिट-निल्सन यांनी एका उंटाची लोकर कातरून पाहिली, तेव्हा त्याचा पाण्याचा खर्च न कातरलेल्या उंटाच्या सुमारे दीडपट झाला. घामाचे बाष्पीभवनही उंटात केसांच्या टोकाशी न होता त्वचेलगत होते. त्यामुळे घामाचा गारवा थेट त्वचेला मिळतो.

वशिंडात पाणी नसते, चरबी असते. हे अनेकांना ठाऊक असते, पण चरबी एकाच जागी का, हे कमी जणांना ठाऊक असते. चरबी चांगली उष्णतारोधक आहे. ती सर्वांगावर पसरली असती तर रात्री उष्णता बाहेर पडणे कठीण झाले असते. पाठीवर ढीग करून ठेवल्याने बाकीचे शरीर मोकळे राहते. या चरबीच्या ज्वलनातून पाणी तयार होते हे खरे, पण त्यासाठी जास्त प्राणवायू लागतो, म्हणजे जास्त श्वास घ्यावा लागतो आणि कोरड्या हवेत श्वासावाटे पाणीही जाते. म्हणून वशिंड ही शिदोरी आहे, पखाल नव्हे.

बसताना उंट सूर्याकडे तोंड करून बसतो. त्यामुळे अंगाचा अरुंद भाग उन्हात येतो आणि प्रारणाने मिळणारी उष्णता कमी होते. छातीखाली आणि गुडघ्यांवर त्याला जाड घट्टे असतात. छातीचा घट्टा धड जमिनीपासून थोडे उचलून धरतो, पोटाखालून हवा खेळते आणि तापलेल्या वाळूतून वहनाने येणारी उष्णता टळते.

५. तिसरी युक्ती: नाकातला हीट एक्स्चेंजर

श्वासाबरोबर जाणारे पाणी वाचवायची उंटाची सोय तर थेट आपल्या अभ्यासक्रमातली आहे. त्याच्या नाकात गुंडाळीसारखी वळलेली नाजूक हाडे असतात आणि त्यांवर ओलसर त्वचा असते. पृष्ठभाग मोठा, हवेची वाट अरुंद. रात्री गार, कोरडी हवा आत जाताना हा पृष्ठभाग थंड आणि कोरडा करते. तीच हवा फुप्फुसातून गरम व दमट होऊन परतताना या थंड पृष्ठभागावरून जाते, तेव्हा तिच्यातली वाफ तिथेच मागे राहते. एकाच मार्गाने आळीपाळीने वाहणारी हवा आणि मध्ये उष्णता व पाणी धरून ठेवणारी भिंत, म्हणजे हा रिजनरेटर झाला.

उदाहरण २. ३७ अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम वाफ असते. पाण्याविना राहिलेल्या उंटाचा रात्रीचा उच्छ्वास याहून बराच थंड आणि सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेचा असल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले. उच्छ्वास २५ अंशांचा धरला तर संपृक्त हवेतली २३ ग्रॅम वाफ गुणिले ०.७५, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. ४४ वरून १७: श्वासातील पाणी साठ टक्क्यांनी कमी.

इथेच मेंदूचाही उल्लेख करू. नाकात थंड झालेले शिरांतले रक्त मेंदूच्या तळाशी धमन्यांच्या एका बारीक जाळ्याजवळून जाते आणि मेंदूकडे निघालेल्या गरम रक्ताला थोडे गार करते. त्यामुळे शरीर चाळीसच्या वर गेले तरी मेंदू त्याहून थोडा थंड राहू शकतो.

६. अँडीजमध्ये: खिडक्या असलेली लोकर

आता त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे वळू. पेरू आणि बोलिव्हियातील उंच पठार साधारण साडेतीन ते साडेचार हजार मीटरवर आहे. दिवसा ऊन प्रखर, सूर्य मावळताच गारठा. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक तिथे नेहमीचा. इथे उंटासारखी उष्णता साठवून ठेवण्यापेक्षा इन्शुलेशन तासातासाला बदलता येणे महत्त्वाचे ठरते. पण लोकर काही स्वेटरसारखी काढता-घालता येत नाही. मग?

लामा आणि ग्वानाको यांची लोकर सर्वांगावर सारखी नसते. पाठ, कुशी आणि मान दाट झाकलेली असतात. काखा, जांघा, मांड्यांची आतली बाजू आणि पोटाचा काही भाग यांवर केस विरळ किंवा जवळजवळ नसतात. लामात असा भाग एकूण पृष्ठभागाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका असतो. अभ्यासक याला ‘औष्णिक खिडकी’ म्हणतात. जनावर पाय पसरून वाऱ्यात उभे राहिले की खिडक्या उघडतात. पाय पोटाखाली दुमडून, मान आखडून बसले की बंद होतात. ग्वानाकोच्या या लवचीक इन्शुलेशनवर १९६० च्या दशकातच अभ्यास झाला आहे.

उदाहरण ३. समजा, दाट लोकरीच्या भागातून दर एक टक्का पृष्ठभागामागे १ एकक उष्णता जाते आणि खिडकीतून त्याच्या पाचपट, म्हणजे ५ एकके.

खिडक्या बंद: बसल्यावर झाकलेला भागही लोकरीइतकाच रोध देतो असे माना. १०० × १ = १०० एकके.

खिडक्या उघड्या: (८० × १) + (२० × ५) = १८० एकके.

समांतर रोधांचे हे साधे गणित आहे. एक केसही न हलवता, केवळ बसण्या-उठण्याने उष्णतेचा निचरा जवळजवळ दुप्पट होतो. आकडे गृहीत आहेत, तत्त्व खरे आहे.

विकुन्याची लोकर तर जगातल्या सर्वांत तलम लोकरींपैकी एक आहे. तिच्या तंतूचा व्यास साधारण १२ ते १३ मायक्रॉन असतो. तंतू जितका बारीक तितके त्याच वजनात तंतू अधिक, त्यांच्यामधल्या फटी लहान आणि अडकलेली हवा स्थिर. थर्मासच्या बाबतीत आपण निर्वात पोकळी वापरतो, इथे स्थिर हवा तेच काम बऱ्याच अंशी करते.

या घराण्याची एक गंमतीदार अडचण पाहा. लामाची आई नवजात पिल्लाला गाईसारखी चाटून कोरडे करत नाही. ओले पिल्लू म्हणजे प्रत्येक लिटरमागे २४०० किलोज्यूल गमावण्याची सोय, आणि रात्र गोठवणारी. म्हणून बहुतेक पिल्ले सकाळपासून दुपारच्या सुरुवातीपर्यंत जन्मतात. ऊन आणि वारा त्यांना सूर्यास्तापूर्वी कोरडे करतात.

७. नुब्रा: दोन्ही शाखांचा मध्य

दोन टोकांच्या मधले उदाहरण आपल्या देशातच आहे. नुब्रा खोऱ्यात, हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांजवळ दिसणारा दोन वशिंडांचा उंट. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटरवर, उन्हाळ्यात कडक ऊन आणि हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. हा प्राणी हिवाळ्यासाठी दाट, लांब लोकर वाढवतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती गठ्ठ्यागठ्ठ्यांनी झाडून टाकतो. त्या दिवसांत तो अगदी आजारी, कातडे सोललेला वाटतो, पण तो फक्त ऋतूचे कपडे बदलत असतो. उंटाचा झोका दिवसाचा, लामाची खिडकी तासाची आणि नुब्राच्या उंटाची लोकर ऋतूची. समीकरण एकच, बदलते ती वेळेची मोजपट्टी.

८. ही यंत्रणा कुठे हरते?

अभियंत्याने यंत्राची क्षमता सांगताना त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. इथली मर्यादा आहे दमट हवा.

बाष्पीभवनाचा वेग त्वचेलगतच्या आणि आसपासच्या हवेतील बाष्पदाबाच्या फरकावर ठरतो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाने उष्णता जात नाही. शिवाय दमट, ढगाळ रात्री गारही होत नाहीत. मग दिवसाचे कर्ज रात्री फिटत नाही आणि दुसरा दिवस थकबाकीने सुरू होतो.

अमेरिकेत लामा-अल्पाका पाळणारे एक ढोबळ नियम वापरतात: फॅरनहाइटमधील तापमान आणि टक्क्यांतील सापेक्ष आर्द्रता यांची बेरीज करा. १२० च्या खाली चिंता नाही, १५० च्या पुढे जपावे, १८० च्या पुढे जिवाला धोका. मितींच्या दृष्टीने ही बेरीज अशास्त्रीय आहे, पण गोठ्यात उपयोगी पडते. आपल्या पंचकुलाच्या दोन नमुनेदार दुपारी घेऊ:

जून, लू वाहताना: ४२ अंश सेल्सिअस म्हणजे १०७.६ फॅरनहाइट, आर्द्रता २० टक्के. बेरीज सुमारे १२८.

जुलै, पाऊस थांबल्यावर: ३३ अंश सेल्सिअस म्हणजे ९१.४ फॅरनहाइट, आर्द्रता ८५ टक्के. बेरीज सुमारे १७६.

थर्मामीटर नऊ अंशांनी उतरला आणि धोका वाढला. (अर्थात जूनमध्ये सावली आणि पाणी मिळत असेल तरच, कारण कोरड्या उष्ण्यात बाष्पीभवन चालते ते पाण्याच्या जिवावर.) मुंबईत जुहूच्या किनाऱ्यावर उंटाची फेरी मारणाऱ्याला वाटते, समुद्राचा वारा आहे, वाळू आहे, उंटाला घरच्यासारखे वाटत असेल. जमाखर्च वेगळे सांगतो. वाळू तीच, हवा तीच नाही.

लोकरीचा नियमही इथे उलटतो. कोरड्या उन्हात उष्णता बाहेरून आत येते, म्हणून लोकर राखायची. दमट सावलीत शरीर हवेपेक्षा गरम असते, उष्णता बाहेर जायला हवी, म्हणून उन्हाळ्याआधी लामाची लोकर कातरतात, पण पाठीवर पातळ थर ठेवतात. पाणी मारायचे तर पोटाला, काखांना, पायांना, म्हणजे खिडक्यांना मारावे. पाठीवरची दाट लोकर नुसती भिजवली तर वाफ आतच कोंडते आणि त्वचेला गारवा मिळत नाही.

तहानेचेही तसेच. उंट शरीराच्या वजनाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही तग धरतो, आणि मग दहा मिनिटांत शंभर लिटरच्या घरात पाणी पिऊ शकतो. त्याच्या लांबट गोल तांबड्या पेशी इतक्या फुगल्या तरी फुटत नाहीत. पण तग धरणे म्हणजे गरज नसणे नव्हे. आणि ओझे घेऊन किंवा वेगाने चालणाऱ्या उंटाची चयापचयाची उष्णता कित्येक पट वाढते. उदाहरण १ मधली साडेदहा हजार किलोज्यूलची टाकी मग दुपारपूर्वीच भरते.

९. हे आपल्याला का हवे?

भारतातील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे चार लाख होती, २०१९ च्या गणनेत ती सुमारे अडीच लाखांवर आली. हरियाणात भिवानी, हिसार, महेंद्रगडकडे शेतमाल ओढणारी उंटगाडी होती, तिची जागा ट्रॅक्टरने घेतली. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यप्राणी घोषित केले, बिकानेरला १९८४ पासून उंटांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उंटकुलासाठी जाहीर केले होते. तरीही जनावरे त्यांच्या हवामानाबाहेर फिरवली जातात. २०२३ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यात पायी आणलेले शंभरावर उंट बातम्यांत आले. काही काळ त्यांना पांजरपोळात ठेवले गेले, काही दगावले आणि उरलेल्यांना राजस्थानकडे परत पाठवले गेले. अशा वेळी सावली कुठे, पाणी किती वेळाने, चाल दिवसा की रात्री, रात्रीची हवा कोरडी की दमट, हे प्रश्न भूतदयेचे आहेतच, पण त्यांची उत्तरे आपल्या समीकरणातून निघतात. ती काढून देणारा माणूस पशुवैद्यच असला पाहिजे असे नाही. मुक्कामाच्या शेडचे छप्पर किती उंच, वारा कुठून आणि ट्रकमध्ये जनावरे किती, हे ठरवणारा उद्या तुमच्यापैकीच कोणी असेल.

सारांश

१) तापमान राखणे म्हणजे जमाखर्च जुळवणे. तापमान स्थिर असलेच पाहिजे असे नाही.
२) उंट दिवसा उष्णता साठवतो आणि रात्री सोडतो. मोठे वस्तुमान आणि कोरडी, गार रात्र या दोन अटी पूर्ण झाल्या तरच हे चालते.
३) लोकर प्रवाह मंद करते. ती उपकारक की अपायकारक, हे प्रवाहाच्या दिशेवर ठरते.
४) लामा विरळ केसांच्या खिडक्या उघडून-मिटून निचरा बदलतो.
५) नाक रिजनरेटरसारखे काम करून श्वासातील पाणी वाचवते.
६) दमट हवेत बाष्पीभवन आणि रात्रीची परतफेड दोन्ही मंदावतात. ही या यंत्रणेची खरी मर्यादा आहे.

स्वाध्याय

१) ४०० किलोग्रॅमच्या उंटाचे तापमान ३५ वरून ४० अंशांवर गेले. किती लिटर घाम वाचला? (उत्तर: सुमारे २.९ लिटर)
२) उदाहरण ३ मध्ये खिडक्यांचा भाग १० टक्के धरला तर उघड्या स्थितीतील निचरा किती? (उत्तर: १४० एकके)
३) तुमच्या गावच्या मे आणि ऑगस्टमधील एका दुपारचे तापमान व आर्द्रता घेऊन कलम ८ मधली बेरीज करा. कोणता महिना अधिक धोक्याचा निघतो आणि का?
४) दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या जाड दगडी वाड्याच्या भिंतीची तुलना उंटाच्या शरीराशी करा. कोकणातल्या दमट हवेत हीच भिंत तितकी उपयोगी का ठरत नाही, ते समीकरणाच्या आधारे लिहा.